वर काळी, खाली खडी : मिनेसोटातल्या एका शेताचं आणि बोअरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं, डकोटा काउंटीतलं आहे. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या दक्षिणेला उपनगरं संपली की मका-सोयाबीनचा सपाट पट्टा सुरू होतो, तिथलं. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही घरगुती तपशील गाळले आहेत.

एका मराठी जोडप्याने २०२० च्या अखेरीस इथे ४० एकर जमीन आणि तिच्यावरचं जुनं घर घेतलं. दोघंही आयटीत. घराभोवतीची चार एकर त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि उरलेली ३६ एकर पूर्वीपासून खंडाने करणाऱ्या स्थानिक शेतकऱ्याकडेच राहू दिली. एक वर्ष मका, एक वर्ष सोयाबीन, असा त्याचा फेर. करारात खंडाची रक्कम होती, तारखा होत्या. खतांबद्दल एक ओळही नव्हती. तिकडचे बहुतेक जुने करार असेच असतात.

जमीन बघताक्षणी कुणीही भाळावं अशी. काळीभोर, भुसभुशीत, गोटा नाही, चढउतार नाही. पत्नीचे वडील बार्शीकडचे शेतकरी. पहिल्यांदा आले तेव्हा मूठभर माती हातात घेऊन म्हणाले, "ही तर आपली भारी काळी हाय. हिला काय कमी पडायचंय?" अंदाज चुकला, पण चूक समजण्यासारखी होती. आपल्याकडे काळा रंग दिसला की चिकणमाती, उन्हाळ्यातल्या भेगा आणि महिनोन्‌महिने धरून ठेवलेली ओल हे सगळं गृहीत धरलं जातं. इथल्या काळेपणाचा चिकणमातीशी फारसा संबंध नाही. तो गवताचा आहे. हजारो वर्षं इथे पुरुषभर उंचीचं प्रेअरी गवत वाढलं, दरवर्षी त्याची मुळं जमिनीतच कुजली आणि वरच्या फूटभर थरात सेंद्रिय कर्ब साठत गेला.

त्याखालची गोष्ट हिमयुगातली. शेवटच्या हिमयुगाच्या उतरणीला हिमनद्या मागे हटल्या, तेव्हा वितळलेल्या पाण्याच्या लोंढ्यांनी इथे वाळू-खडीचं मोठं मैदान पसरवलं. पुढे वाऱ्याने उघड्या नदीपात्रांतून आणि मैदानांतून बारीक पोयटा (गाळासारखी मऊ माती) उचलून त्याच्यावर अंथरला. वाऱ्याने आणलेल्या या मातीला लोएस म्हणतात. म्हणजे वर अर्धा ते एक मीटर पोयटा आणि खाली थेट वाळू-खडी. इथल्या मृदा सर्वेक्षणात या मातीला वॉकीगन पोयटा असं नाव आहे. मिनेसोटा विद्यापीठाचं रोझमाउंट संशोधन केंद्रही याच मातीवर आहे.

प्रश्न कसा पुढे आला

२०२१ च्या उन्हाळ्यात मिनेसोटात मोठा दुष्काळ पडला. जुलैत मक्याला तुरा येत असतानाच शेताच्या नैऋत्य कडेचा पट्टा वाळू लागला. पानं सकाळीच सुरळीसारखी गुंडाळायची. पन्नास पावलांवरचा मका मात्र हिरवागार. शेतकऱ्याला यात नवल वाटलं नाही. "तो पट्टा दर कोरड्या वर्षी असंच करतो," तो म्हणाला, आणि बोअर घेऊन फिरते तुषार बसवायला परवानगी द्याल का, असं त्याने विचारलं. जोडप्याने निर्णय पुढे ढकलला.

२०२२ च्या वसंतात बाळाची चाहूल लागली. घराचं पाणी खासगी बोअरचं आहे, हे कळल्यावर डॉक्टरांनी नायट्रेट तपासायला सांगितलं. अहवाल आला : नायट्रेट-नत्र १३ मिलिग्रॅम प्रति लिटर. अमेरिकेतली पिण्याच्या पाण्याची मर्यादा १० आहे.

इथे एक गफलत झाली. ती इतर मराठी घरांतही होऊ शकते, म्हणून सविस्तर लिहितो. पतीने भारतीय मानक पाहिलं. तिथे नायट्रेटची मर्यादा ४५ दिसली, आणि १३ म्हणजे काहीच नाही असं समजून तो निर्धास्त झाला. पण भारतात पूर्ण नायट्रेट मोजतात आणि अमेरिकेत त्यातला फक्त नत्राचा भाग. १३ ला सुमारे ४.४ ने गुणलं की ५७ च्या पुढे जातं. दोन्ही मानकं जवळपास सारखीच कडक आहेत आणि हे पाणी दोन्हींत नापास होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध दिलं, तर रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची क्षमता घटते आणि बाळ निळं पडू शकतं. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि तेच प्रमाण वाढतं.

अहवाल समजला तेव्हा घरात सूर बदलला. पत्नीचं म्हणणं सरळ होतं : आपल्याच शेतातलं खत आपल्याच बोअरमध्ये उतरतंय, करार मोडा. या टप्प्यावर त्यांनी मला, माती पाहून सल्ला देणाऱ्याला, बोलावलं.

खड्डा

मी गेलो तेव्हा आधी करार पाहिला नाही की बोअर पाहिली नाही. शेताच्या मध्यावर खड्डा घेतला. पत्नीचे वडील, म्हणजे काका, तेव्हा तिथेच होते आणि कुदळ त्यांनीच धरली.

वरची तीसेक सेंटिमीटर माती काळी आणि रवाळ. मग गडद तपकिरी. अर्ध्या मीटरच्या आसपास पिवळसर तपकिरी पोयटा लागला. बोटांत चोळला की गव्हाच्या पिठासारखा लागायचा, वाळूची कच नाही. ओल्या मातीची वळी केली तर दोन-तीन सेंटिमीटरवर तुटत होती, म्हणजे चिकणमाती बेताचीच. ८० सेंटिमीटर ओलांडल्यावर एकदम खर्रर्र आवाज आला आणि कुदळ उसळली. खडी. वरून खाली माती हळूहळू जाड होत गेली असं नव्हे. बोटभर जाडीत सगळं बदललं होतं.

तिथे दोन गोष्टी दिसल्या. आदल्या हंगामातली मक्याची मुळं सरळ खाली येऊन त्या रेषेवर आडवी पसरली होती आणि खडीत क्वचितच एखादं शिरलं होतं. दुसरं म्हणजे रेषेच्या लगेच वरचा पोयटा ओलाकच्च आणि खालची वाळू जवळपास कोरडी. काकांनी विचारलं, "पाणी खाली का उतरंना? खाली तर सगळं मोकळंच हाय की."

नेमका हाच या मातीचा स्वभाव. पोयट्यातल्या बारीक पोकळ्या पाणी घट्ट धरून ठेवतात. खडीच्या मोठ्या पोकळ्यांना ते त्यांच्याकडून ओढून घेता येत नाही. त्यामुळे वरचा थर जवळपास पूर्ण भरेपर्यंत पाणी रेषेवर अडून राहतं, आणि तेवढ्यापुरती ही माती जाडीच्या मानाने जास्त ओल धरते. पण एकदा भरली की पुढचं पाणी थांबत नाही. ठिकठिकाणी धारा धरून खाली निघून जातं. पोयट्यात एक इंच जादा पाणी आलं, तर त्यात विरघळलेलं नायट्रेट साधारण आठ-दहा सेंटिमीटर खाली सरकतं. वाळूत तेच इंचभर पाणी त्याला त्याच्या तिप्पट खाली नेतं, आणि तिथे त्याला उचलायला मूळ नसतं.

त्याच खडीत काकांना एक काळा, जड गोटा सापडला. "हा तर आपला काळा दगड," ते म्हणाले. बरोबरच होतं. सुपीरियर सरोवराच्या काठचा बेसाल्ट हिमनदीने इथवर ओढत आणला आहे. दख्खनचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, हा शंभर कोटींहून जुना. याच खडीत लाल-नारिंगी पट्ट्यांचे अकीकही सापडतात. लेक सुपीरियर अकीक हा मिनेसोटाचा अधिकृत रत्नखडा आहे. काकांनी दोन खिशात टाकले.

पुढचं काम गिरमिटाचं. साधारण एकरी एक भोक घेत सगळं शेत पालथं घातलं. खडी लागली की हातगिरमिट अडतं, त्यामुळे खोली मोजणं सोपं असतं. मात्र एखाद्या सुट्या गोट्यावरही ते अडतं, म्हणून जिथे शंका आली तिथे पाऊलभर सरकून पुन्हा भोक घेतलं. बऱ्याचशा शेतात खडी ७० ते ९० सेंटिमीटरवर होती, सखल भागांत मीटरच्याही खाली. नैऋत्येच्या सात एकरांत मात्र ३५ ते ५० वर, आणि काही जागी नांगराच्या तासातच खडे. सरकारी मृदा नकाशात त्या कडेला उथळ मातीची छोटी पट्टी दाखवलेली होती, पण प्रत्यक्षात उथळ भाग तिच्यापेक्षा मोठा निघाला.

हिशेब साधा आहे. पोयट्याच्या १०० मिलिमीटर जाडीत पिकाला मिळणारं पाणी सुमारे २० मिलिमीटर. ८० सेंटिमीटर थराला १६० मिलिमीटर. त्यातलं निम्मं पीक ताण न घेता वापरतं. जुलैत मका रोज सात-आठ मिलिमीटर पितो, म्हणजे दहा दिवस निघतात. ४५ सेंटिमीटरवर खडी असेल तर सहा दिवस. शेतकऱ्याच्या कापणी यंत्राने नोंदवलेला उत्पादनाचा नकाशा आमच्या गिरमिटाच्या नकाशाशेजारी ठेवला, तेव्हा कमी उत्पादनाचा डाग आणि उथळ पट्टा एकमेकांवर बसले.

कोणते पर्याय होते

करार मोडणं हा पहिला पर्याय, आणि घरात त्यालाच सगळ्यात जास्त पाठिंबा. मी त्याच्या विरोधात होतो, आणि त्याचं कारण मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बोअरमध्ये येणारं पाणी हे बोअरशेजारच्या शेतातलंच असेल असं नाही. भूजल एका दिशेने वाहतं. आज नळाला येणारं पाणी वरच्या अंगाच्या दुसऱ्या कुणाच्या शेतावर काही वर्षांपूर्वी, कदाचित काही दशकांपूर्वी, पडलेलं असू शकतं. उद्या शेत पडीक टाकलं तरी बाळ दुधाच्या बाटलीवर असेपर्यंत बोअरमध्ये त्याने फरक पडायची शक्यता फारच कमी. घराचं पाणी आणि शेताची गळती हे दोन निराळे प्रश्न होते. एकाला आठवडाभराचं उत्तर हवं होतं, दुसऱ्याला अनेक वर्षांचं. ते एकत्र बांधले असते तर शेतकऱ्याशी भांडण झालं असतं आणि पाणी तसंच राहिलं असतं.

दुसरा पर्याय खोल बोअरचा. जुन्या नोंदीनुसार सध्याची बोअर प्रेअरी दु शीन या भेगाळ डोलोमाइट खडकातून पाणी घेत होती. त्याखाली जॉर्डन वालुकाश्म आहे. पण या काउंटीत तिथवर गेलेल्या काही बोअरमध्येही नायट्रेट सापडतं. जवळच्या हेस्टिंग्ज शहरालाही आपल्या नळपाण्यातून नायट्रेट काढायचा प्रकल्प बांधावा लागला. एवढा खर्च करून हमी नाही, म्हणून हा पर्याय मागे ठेवला.

तिसरा, शेतकऱ्याने मागितलेले फिरते तुषार. दिवसाला १०,००० गॅलन किंवा वर्षाला १० लाख गॅलनपेक्षा जास्त उपसा असेल तर राज्याचा परवाना लागतो. ३६ एकरांसाठी बोअर आणि तुषारांचा खर्च परवडत नव्हता. शिवाय सिंचनाने भरलेल्या उथळ मातीवर वादळी पाऊस आला की गळती वाढतेच. हा विषय लवकर संपला.

चौथा पर्याय नत्र देण्याची पद्धत बदलण्याचा, आणि पाचवा उथळ पट्टा मक्यातून काढून घेण्याचा. शेतकरी इथे काही गैर करत नव्हता, हे मुद्दाम सांगतो. राज्याच्या भूजल नियमाने धोक्याच्या क्षेत्रांत सप्टेंबर २०२० पासून शरद ऋतूत नत्रखत द्यायला बंदी आली, पण त्याने ते आधीच सोडलं होतं. तो सगळा युरिया वसंतात पेरणीआधी एकदम देत होता. खोल पोयट्यावर ते चालतं. अडचण अशी की त्याचं वेळापत्रक वरचा पोयटा पाहून ठरलं होतं, खालची खडी पाहून नव्हे. इथे जमिनीखालचा पाझर मुख्यतः बर्फ वितळल्यावर एप्रिल ते जूनमध्ये होतो. मका नत्र जोरात उचलू लागतो जूनच्या मध्यानंतर. मधल्या काळात खत जमिनीत राखणीशिवाय पडून असतं.

काय केलं

स्वयंपाकघरात ओट्याखाली आरओ बसवला. बाळासाठी आणि पिण्या-रांधण्यासाठी तेच पाणी. घरात पाणी मऊ करणारं यंत्र आधीपासून होतं, पण ते नायट्रेट काढत नाही. कोळशाची गाळणीही काढत नाही.

शेतकऱ्याशी बोलणं जोडप्याने घरी जेवायला बोलावून केलं, आणि बोअरच्या अहवालाने सुरुवात केली नाही. गिरमिटाचा नकाशा टेबलावर ठेवला. त्याने त्यावर बोट ठेवून त्याच्या वडिलांच्या काळी कुठे खडे वर यायचे ते दाखवलं. आमच्या भोकांत न आलेली एक जागा त्यानेच सांगितली. आरोपाने सुरुवात झाली असती तर ही माहिती मिळाली नसती.

नवा करार तीन वर्षांचा झाला. मक्याचा युरिया दोन हप्त्यांत : थोडा पेरणीला, बाकीचा जूनच्या मध्यावर ओळींमध्ये जमिनीत खुपसून. सोयाबीननंतरच्या मक्याला एकरी सुमारे ४० पौंड नत्र कमी. सोयाबीन लवकर निघतं, म्हणून त्याच्यामागे उरलेलं नत्र धरून ठेवायला राय (थंडीत तग धरणारं गव्हासारखं धान्य) पेरायची. मक्याची कापणी ऑक्टोबर उतरल्यावर होते आणि थंडीआधी राय रुजत नाही, म्हणून तो आग्रह धरला नाही. उथळ सात एकरांवर चुना टाकून लसूणघास (अल्फाल्फा). तेवढ्या जागेचा खंड मालकांनी कमी केला आणि चारा जवळच्या गोठ्याला विकायचं ठरलं.

लसूणघासच का? तिची मुळं बारमाही जिवंत असतात, वसंतात जमीन उघडली की लगेच पाणी आणि नत्र ओढू लागतात. नैऋत्य मिनेसोटातल्या लॅम्बर्टनच्या विद्यापीठ केंद्रावरच्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मका-सोयाबीनखालून वाहून जाणारं नायट्रेट लसूणघासच्या तुलनेत तीसहून अधिक पट निघालं. तिथली माती चिकण पोयट्याची आणि निचरानळ्या बसवलेली होती, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इथे लावता येत नाही. दिशा मात्र तीच. सरकारच्या संवर्धन राखीव योजनेत देशी प्रेअरी गवत लावायचाही विचार झाला. पण तिथे १० ते १५ वर्षांचा करार असतो, आणि इतकी वर्षं इथे राहू की नाही हेच जोडप्याचं ठरत नव्हतं.

काय निष्पन्न झालं

आरओच्या नळाचं नायट्रेट-नत्र १ च्या आसपास आलं. बाळ सुखरूप आहे. घरापुरता प्रश्न तिथे मिटला.

शेतात चित्र मिश्र आहे. २०२३ चा उन्हाळाही कोरडा गेला. जूनमध्ये दिलेला दुसरा हप्ता कोरड्या थरात अडकून पडला, मक्याला तो वेळेवर मिळाला नाही. त्या वर्षी दोन हप्त्यांनी उत्पादनात काहीच मिळवून दिलं नाही आणि शेतकरी नाराज झाला. लसूणघासही उंचवट्यावर विरळ उगवली. २०२४ चा वसंत आणि जून भरपूर ओला होता. तेव्हा हप्ते पाडल्याचा फायदा दिसला : शेजाऱ्यांचा मका पिवळा पडत असताना इथला हिरवा राहिला. लसूणघास भरली.

बोअरचे आकडे : २०२२ मध्ये १३, २०२३ च्या शरदात १२, २०२४ च्या उन्हाळ्यात १५. हे वाढणं पाहून पती वैतागला. पण दुष्काळी वर्षांत न वापरलेलं नत्र जमिनीत साठून राहतं आणि पहिल्या ओल्या वसंतात एकदम खाली उतरतं. भेगांतून त्यातलं काही लवकर बोअरपर्यंत पोचलं असू शकतं. ते कुणाच्या शेतातलं होतं हे या आकड्यांवरून सांगता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पाणी तपासणं खरेदीआधी व्हायला हवं होतं. खासगी बोअरवर सरकारी देखरेख नसते, तपासणी मालकाच्याच अंगावर. गिरमिट घेऊन फिरायला फार वेळ लागत नाही. तेही पहिला करार करण्याआधी झालं असतं तर २०२१ चा वाळलेला पट्टा कोडं ठरला नसता.

सात एकरांची सीमा आम्ही ५० सेंटिमीटरवर आखली. ती गणिताने नव्हे, तर खंड किती सोडायला मालक तयार होते यावर ठरली. ६० वर आखली असती तर आणखी चार-पाच एकर आली असती.

सगळ्यात मोठी उणीव मोजमापाची. बोअर हा शेताचा आरसा नाही हे मीच सांगितलं, पण दुसरा आरसाही बसवला नाही. कापणीनंतर खडीच्या लगेच वरच्या पोयट्यातून दरवर्षी नमुने घेतले असते, खोल आणि उथळ भागांतून वेगवेगळे, तर हिवाळ्यात किती नत्र गळायच्या तयारीत आहे हे कळलं असतं. तीन वर्षांनंतर पीक कसं आलं ते सांगता येतं, पण शेतातून खाली जाणारं नायट्रेट घटलं का, याला आकडा नाही. नव्या करारात हे नमुने घालायची पत्नीची अट आहे. शेतकऱ्याची तयारी आहे, फक्त प्रयोगशाळेचा खर्च खंडातून वळता करा असं तो म्हणतो. ते अजून ठरायचं आहे.